टेप लागली

लग्नाच्या फिल्ममध्ये सगळे दिसतात. नवरा, नवरी, मामा, भटजी, आचारी, न बोलावता आलेला शेजारी, मांडवाखाली झोपलेलं कुत्रं. दिसत नाही तो फक्त शूटिंगवाला. क्वचित स्टीलच्या हंड्यावर त्याची सावली येते, आणि आली की मिक्सिंगला बसलेला माणूस ती कापतो. भिवंडीत मी ही दोन्ही कामं केली. म्हणजे मला मीच कापत आलो.

संपादक म्हणाले, धंद्यातले अनुभव लिहा. मी आधी नाहीच म्हणालो. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, कुलूप लावल्यावर दोनदा परत येऊन ते ओढून बघणारा. छापलेल्या ओळीला तर ओढूनही बघता येत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि जिची ती आहे तिनं परवानगी दिली. म्हणून बसलो.

मी नांदेड जिल्ह्यातला. चुलतभावाच्या मागे काल्हेरला गोडाऊनमध्ये माल उतरवायला आलो. दोन महिन्यांत पाठ धरली. गावी परत जायची लाज वाटत होती आणि इथं राहायची सोय नव्हती. अशा वेळी हनीफचाचांनी मला हॅलोजनचा लाईट धरायला ठेवून घेतलं. चाचांचं व्हिडिओचं दुकान लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडवर, पहिल्या मजल्यावर होतं. खाली लूम चालले की वर टेबलावरचा चहा पेल्यातल्या पेल्यात थरथरायचा. दुकानातच मी झोपायचो. त्यांनी आधी लाईट दिला, मग कॅमेरा, मग कॉम्प्युटर, आणि मधल्या काळात घरचा डबाही. ते ऋण मी एकदा फार वाईट तऱ्हेनं फेडायला निघालो होतो. त्याचीच ही हकीकत.

बाहेरच्यांना वाटतं, शूटिंग म्हणजे कॅमेरा. खरं काम मिक्सिंगचं. तीन दिवसांचं लग्न तीन तासांत बसवायचं, वर गाणी टाकायची, नवरीला कमळातून काढायची, नवऱ्याला चंद्रावर ठेवायचा. आणि कापायचं. कोण दिसावं आणि कोण नको, यावर लोक फार बारीक असतात. एक लूमवाले शेठ थोरल्या जावयाशी भांडण झालं म्हणून कॅसेट घेऊन आले. म्हणाले, "हा माणूस मला माझ्या घरात दिसता कामा नये." चार दिवस बसून मी जावई काढला. एका ठिकाणी निघेना, तिथं त्याच्या तोंडावर उडता गुलाब ठेवला. सहा महिन्यांनी शेठ परत आले. समेट झाला होता. "जावई परत घाला. आणि तो गुलाब काय लावलाय, हसतात लोक."

हे गमतीचं सांगतोय, पण माणूस काढायची ही सवय हाताला लागते, ते चांगलं नाही.

राहनाळच्या बाळारामशेठच्या थोरल्या मुलीचं, करुणाचं लग्न आमच्याकडं आलं. बाळारामशेठ आगरी. शेतीच्या जागेवर गोडाऊन उभे राहिलेले, गावात शब्दाला वजन. त्यांच्या घरचं काम नीट झालं तर राहनाळपासून काल्हेरपर्यंतची लग्नं दुकानाला मिळणार, हे चाचांनी मला तीनदा सांगितलं होतं. शेठनी मात्र एकच सांगितलं.

"ह्ये बघ बालाजी, नाचणं-बिचणं कमी आलं तरी चालंल. धवला पुरा पायजे."

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. मांडवात चौक मांडला, नवरीला हळद लागली की ती धवले म्हणते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. शेठची आत्या तुळसाबाय धवलारीण होती. तिनंच शेठला लहानाचं मोठं केलेलं. तिच्यामागं घरात धवला येणारं कुणी नव्हतं, म्हणून शेठना तो कॅसेटमध्ये हवा होता.

हळदीच्या सकाळी मी कॅमेरा लावत होतो, तेवढ्यात शेठचे धाकटे भाऊ जवळ आले. आवाज बारीक करून म्हणाले, "ती हिरव्या ड्रेसातली पोरगी बघितलीस ना? नवरीची बहीण. तिला शूटिंगमधी घेऊ नको. नवऱ्याकडची मानसं बघतील."

ती दर्शना. सतरा वर्षांची. मांडवाच्या कडेला पाण्याचा ड्रम होता, त्याच्यामागं वही घेऊन बसली होती. बँड वाजला की दोन्ही हात कानांवर, थांबला की लगेच लिहायला सुरुवात. कुणाकडं बघत नव्हती, पण तिचं लक्ष सगळीकडं होतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. घरातल्यांनी तो शब्द कागदावर जपून ठेवला होता आणि बोलताना "आमची दर्शना जरा येगळी हाय" एवढंच म्हणत. ती फारसं बोलायची नाही. मधूनच कुणाचं तरी ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं म्हणायची, त्याच आवाजात, खोकल्यासकट. तसं झालं की घरात म्हणत, "टेप लागली." रागानं नाही म्हणत, पण मग ऐकतही नसत.

मी सांगितलं तसं केलं. ती चौकटीत आली की कॅमेरा वळवला.

आता माझी चूक. त्या काळी कॅमेऱ्यात आगपेटीहून जराशी मोठी, तासाभराची कॅसेट असायची. तिच्या कडेला एक बारकी पट्टी असते. शूटिंग झालं की ती सरकवायची, मग त्या कॅसेटवर दुसरं काही घेता येत नाही. कुलूपच समजा. धवला झाला. आवाज आला का ते बघायला मी कॅसेट पार सुरुवातीला मागं नेली, थोडं ऐकलं. तुळसाबायचा आवाज स्वच्छ आला होता. कॅसेट काढली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "शूटिंगवाला, पंगत बसली." कॅसेट खिशात टाकली. त्याच खिशात कोऱ्याही होत्या. दाराचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघणारा मी, पट्टी मात्र सरकवायची विसरलो. पंगतीत जाऊन खिशातली जी हाताला लागली ती घातली, आणि तासभर लोकांना जेवताना घेतलं.

लग्नानंतर दोन दिवसांनी दुकानात कॅसेट लावली. धवल्याच्या जागी वरणाची बादली घेतलेला वाढपी आला. पुढं नेली. मामा पापड मोडत होते. आणखी पुढं नेली. तेच मामा दुसऱ्यांदा भात घेत होते. कॅसेट संपेपर्यंत ते जेवत होते.

चाचांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "पूरी हलदी गई?"

"पूर्ण."

"जाऊन सांग शेठला. मी येणार नाही, चूक तुझी आहे. पण आधी चहा पी, मग जा. रिकाम्या पोटी गेलास तर तिथंच पडशील."

राहनाळला गेलो. शेठ ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "शेठ, फिल्म छान होतेय." ही दुसरी चूक, आणि ही घाईत झालेली नव्हती. शेठ म्हणाले, "महिन्यानं घरी पूजा हाय. जावई येतील, गाव येईल. अंगणात पडदा लावू." मी मान हलवली.

मग मागच्या दारी तुळसाबायकडं गेलो. ती मासळी निवडत होती. मी आडून विचारलं, "बाय, धवला परत एकदा म्हणाल का? आवाजासाठी?"

तिनं कोयता खाली ठेवला. "नवरी हाय?"

"नवरी गेली काल्हेरला."

"मांडव हाय?"

"मांडव काढला."

"मग धवला कुनाला म्हणू, ह्या बोंबलाला?"

यापुढं विचारायला काही उरलं नव्हतं. मांडव नाही, नवरी नाही, तर धवला म्हणायचा नसतो. अशुभ. मी तिथंच पायरीवर बसलो. आणि मागून तुळसाबायचा आवाज आला. धवला. तीच ओळ, तोच खालचा सूर, मधे तोच खोकला, आणि खोकल्यानंतर तेच "पाणी आना गो कुनीतरी". तुळसाबाय तर माझ्यासमोर होती, हातात बोंबील.

ड्रमशेजारी दर्शना बसली होती. मांडवाच्या खांबाला बांधलेली उंबराची फांदी तिनं काढून ड्रमजवळच्या मातीत रोवली होती आणि तांब्यानं तिला पाणी घालत होती. फांदी वाळलेली होती.

"टेप लागली बघ," तिची आई, शेवंताकाकी म्हणाली. "करुणा गेल्यापासून रोज हेच. फांदीला पाणी आन धवला. दुसरं बोलतच न्हाय. दोघी बहिनी एका ताटात जेवायच्या."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. दर्शनाबद्दल काहीच वाटलं नाही. वाटलं, माझी टेप सापडली. मी काकीच्या पाया पडलो आणि सगळं सांगून टाकलं. म्हणालो, हिचा आवाज घेऊ द्या, तुळसाबायचा म्हणून लावतो, कुणाला कळायचं नाही. काकी म्हणाली, "मी येते तिच्यासंगं. पन ह्यांना तूच सांगायचं. मी न्हाय सांगनार."

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. आवाज घ्यायचं काम आम्ही शुक्रवारी करायचो, एरवी प्रत्येक शब्दामागं खटक-खटक येते. तर शुक्रवारी दोघी आल्या. मी माईक लावला. दर्शना बसली. अर्धा तास गेला, एक शब्द नाही. भिंतीकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "आवाज कुठं गेला?"

"कसला आवाज?"

"खालचा."

"आज सुट्टी. शांत आहे, बोल तू."

ती उठून जिना उतरून गेली.

सोमवारी परत आल्या. खाली सगळे लूम चालू. तिनं भिंतीवर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवूनच दिला. चेहरा सैल झाला. काकी म्हणाली, "बँड वाजला की पलते, आन ह्या गोंगाटात बरी बसते."

दर्शना भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "बँड कधी वाजंल ते कलत न्हाय. लूम कलतो."

मी माईक पुढं केला. "तुळसाबाय म्हणाली तसं म्हण. अगदी तसंच."

"मी टेप न्हाय."

काकी माझ्याकडं बघायला लागली, मी काकीकडं. ते तीन शब्द तिनं कुणाचे ऐकलेले नव्हते. हे तिचेच.

"मग काय म्हणणार?"

"मी लिवलंय."

तिनं वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. सपाट आवाजात, न थांबता. पहिली ओळ अशी होती: "बालाजीने हळदीवर पंगत घेतली, म्हणून ही हळद माझ्या वहीतली आहे." मी तिच्या आईला सांगत होतो तेव्हा तिनं ऐकलं होतं.

पुढं असं होतं: "मी ड्रमच्या मागे आहे. इथून मांडव अर्धा दिसतो. अर्ध्या मांडवात माणसं नाहीत, पाय आहेत. पिवळे पाय करुणाताईचे. फुटलेल्या टाचा आईच्या. नवीन चपला काकाच्या, त्या चावतात, म्हणून काका एका पायावर उभा आहे. बालाजीचे बूट सारखे फिरतात. मी आले की बालाजी कॅमेरा वळवतो, चार वेळा वळवला."

मी खाली मान घालून माईकची वायर बघत राहिलो. वाटलं होतं, तिला कळलं नसेल. तिनं मोजलं होतं.

मग उंबराची फांदी आली. ती मी आठवणीतून देतो, तिनं नंतर तपासली आहे. "फांदी म्हणाली, मला झाडावरून तोडून आणली. करुणाताई म्हणाली, मला पण उद्या नेणार. फांदी म्हणाली, तिकडे तुला पाणी कोण घालेल? ताई म्हणाली, तिकडचे घालतील. तुला दर्शना घालेल." आणि मग तिनं धवला म्हटला. तुळसाबायच्या आवाजात नाही, स्वतःच्या. सुरात फार नव्हता. शेवटी एक ओळ आली, जी मी मांडवात ऐकलेली नव्हती: "उंबराला पाणी कोण गो घाली, मागं ऱ्हायली ती बहीन घाली."

काकीनं पदर तोंडाला लावला.

मी धंद्याचा माणूस. म्हणालो, "पण असं झालं नव्हतं ना. फांदी काय बोलते?"

"झालं न्हवतं."

"मग?"

"गोष्टीत झालं."

तोवर सगळ्यांनी, डॉक्टर सोडून, ठरवलं होतं की ही ऐकलेलं तेवढं परत म्हणते. एक मुलगी वह्यांवर वह्या भरते आणि त्यात काय आहे हे घरात राहिलेल्यांपैकी कुणी उघडून बघितलेलं नव्हतं. काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं, शेठना वेळ नव्हता. वाचायची ती एकटी करुणा, आणि ती काल्हेरला गेली होती.

हळदीच्या जागी तिची ही गोष्टच लावायची ठरली, आणि शेठ बाहेर गेल्यावर आम्ही ती दोन सकाळींत शूट केली. तिनं सांगायचं, मी घ्यायचं. कॅमेरा ड्रमच्या मागं, जमिनीवर, माझी दाढी मातीत. अंगणातून कोण गेलं की पाय घे. तोंड घेऊ नको. काकी हसत तीनदा गेली-आली. तुळसाबाय म्हणाली, "माझं तोंड काय वाईट हाय?" पण पाय दिले, वर पैंजण घालून आली. मांडवाशिवाय हळद परत लावायला तिनंच बंदी केली होती, तेव्हा मी म्हणालो, पिवळे पाय मी मिक्सिंगमध्ये करतो. इतकी वर्षं कमळं आणि चंद्र लावले, रंगांचा उपयोग झाला तो तेव्हा.

दर्शना दुकानात मागं बसून मिक्सिंग बघायची. दोन दिवसांत तिला बटणं पाठ झाली. माझ्या कामात मला आवडलं नाही ते बोलायची. "लवकर कापलं. पाय गेलेला न्हाय अजून." आणि खरंच, पाय पूर्ण बाहेर जाईपर्यंत थांबलं की बरं दिसायचं. उस्ताद लोकांनी मला हे कधी सांगितलं नाही.

पूजेला दोन दिवस राहिले. फिल्म तयार होती. मी एकटा बसलो आणि पहिलं वाक्य कापलं. 'बालाजीने हळदीवर पंगत घेतली' गेलं. कॅमेरा वळवल्याचंही गेलं. राहिली ती सुंदर गोष्ट, जणू काही शेठना खास भेट म्हणून केलेली. कुणाला संशय येणार नव्हता. दुकान वाचलं, मी वाचलो. हात असा सवयीचा की गुलाबाचीही गरज पडली नाही.

दुपारी काकी आणि दर्शना आल्या. मी फिल्म लावली. संपल्यावर दर्शना म्हणाली, "दोन वाक्यं कमी."

"शेठ रागावतील. माझी नोकरी जाईल."

"नोकरी गेल्यावर कुठं जाशील?"

"गावी. नांदेडला."

"किती लांब?"

"रात्रभराची गाडी, मग एसटी, मग चालत."

तिनं विचार केला. राहनाळ ते काल्हेर मधे गोडाऊन सोडले तर काही नाही, तरी तिची बहीण गेल्यावर ती दिवसच्या दिवस बोलली नव्हती. नांदेड किती लांब, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं असावं. तिनं वही काढली, शेवटच्या पानावर लिहिलं, आणि माईककडं बोट दाखवलं. मी माईक लावला. तिनं वाचलं: "बालाजीची नोकरी गेली नाही."

"हे गोष्टीत झालं का?" मी विचारलं.

"गोष्टीत. आता वाक्यं परत ठेव."

खाली लूम चालू होते. काकी बघत होती. मी वाक्यं परत ठेवली. हनीफचाचांना जाऊन सांगितलं की उद्या कदाचित तुमचं राहनाळचं गिऱ्हाईक तुटेल. ते म्हणाले, "महिन्यापूर्वी सांगायला पाठवलं होतं तुला. चहा फुकट गेला माझा." आणि पूजेला स्वतः आले, माझ्या शेजारी बसायला.

संध्याकाळी अंगणात पडदा लागला. करुणा नवऱ्यासोबत आली होती, पुढंच बसली होती. दर्शना ड्रमच्या मागं होती. सुरुवातीला मांडव, पाहुणे, पंगत, वाजतगाजत सगळं झालं. मग पडदा काळा झाला आणि तिचा आवाज आला.

"बालाजीने हळदीवर पंगत घेतली."

मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच मामा अर्धा तास जेवतोय." हशा उठला. मामा स्वतः हसले. मी शेठकडं बघत होतो. ते हसले नाहीत. दर्शनाचे काका, शेठचे ते धाकटे भाऊ, मधेच उठून उभे राहिले, कारण त्यांच्या चावऱ्या चपला पडद्यावर आल्या होत्या, आणि बायका त्यांच्या पायांकडं वळून बघत होत्या. "बस रं," शेठ म्हणाले, "दिसत न्हाय." काका बसले. कॅमेरा वळवल्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली, मीही घातली.

फांदी बोलली तेव्हा कुणी हसलं नाही. करुणा रडत होती, तिचा नवरा तिला पाणी आणायला उठला आणि चुकून देवघरात गेला. धवल्याची ती शेवटची ओळ संपल्यावर तुळसाबाय मोठ्यानं म्हणाली, "ही वळ माझी न्हाय."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"माझी न्हाय, पन म्हनायला पायजे व्हती. पुढल्या मांडवात म्हनंन."

आणि अगदी शेवटी, काळ्या पडद्यावर: "बालाजीची नोकरी गेली नाही."

आता शेठ काय म्हणतात याकडं सगळ्यांचं लक्ष. शेठ माझ्याकडं वळलेच नाहीत. त्यांनी बायकोला विचारलं, "ही यवरं सगलं बोलतंय?"

काकी म्हणाली, "रोज बोलतंय. तुमी टेप म्हनता."

शेठ ड्रमकडं बघत राहिले. चाचा खाकरले, म्हणाले, "शेठ, लडके का..." शेठनी हात वर केला. "तिनं लिवलंय ना न्हाय गेली म्हनून. मंग कशी जाईल?" एवढं बोलून ते उठले आणि ड्रमच्या अलीकडं, चार हातांवर, जमिनीवर बसले. तिला बरोबर वाटेल एवढं अंतर ठेवून. तेवढं त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या वर्षांत दर्शनानं बऱ्याच छोट्या फिल्म केल्या. गोडाऊनमधल्या मांजराची, वज्रेश्वरीच्या एसटीतल्या एका सीटची, लूमच्या आवाजाची एक, ज्यात काहीच दिसत नाही. शेठनी तिला कॅमेरा घेऊन दिला, मी कॅसेटची पट्टी सरकवायला शिकवलं. ती ती कधी विसरत नाही. फांदी फुटली का, असं बरेच जण विचारतात. फुटली नाही. दर्शना म्हणते, गोष्टीत फुटली. घरातला शब्द मात्र तोच राहिला, फक्त अर्थ फिरला. तिनं वही उघडली की शेठ टीव्ही बंद करतात आणि सगळ्यांना सांगतात, "गप बसा, टेप लागली."

हा लेख मी तिला वाचून दाखवला. तिनं एक दुरुस्ती केली. मी ड्रम निळा लिहिला होता. "हिरवा," ती म्हणाली. "नायतर रंग लिवू नको." रंग काढला.

राहिली एक गोष्ट. त्या पहिल्या फिल्मच्या शेवटी नावं येतात. ती तिनंच टाकायला लावली. गोष्ट: दर्शना. धवला: तुळसाबाय आणि दर्शना. पाय: घरातले. चूक: बालाजी. एवढी लग्नं शूट केली, माझं नाव कुठल्याही फिल्ममध्ये आलेलं ते एवढंच. सीडी गावी घेऊन गेलो. आईला वाचता येत नाही. बहिणीनं फिल्म थांबवली, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे बघ, बालाजी."

"आन त्याच्या आधी काय लिव्हलंय?" आईनं विचारलं.

बहीण शहाणी. म्हणाली, "काम."

भिवंडीला परत आल्यावर हे मी दर्शनाला दुकानात सांगितलं. तिला ते आवडलं नाही. "खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"गोष्टीत सांगितलं," मी म्हणालो.

तिनं भिंतीवर तळहात ठेवला. मग म्हणाली, "चालंल."